लाकडी वस्तू, नग एक

मस्कतच्या कस्टम्सच्या खिडकीमागच्या साहेबांनी मला विचारलं, "बाकीची बंदूक कुठे आहे?" आणि मी खरं उत्तर दिलं. सरकारी खिडकीवर खरंच बोलावं, पण थोडक्यात बोलावं, हे मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं.

आमच्या दोघांच्या मधे एक लांबट खोकं होतं आणि खोक्यात अक्रोडाच्या लाकडाचा एक दस्ता होता. दस्ता म्हणजे बंदुकीचं लाकडी अंग. ते खांद्याला टेकवतात, त्याच्यावर गाल ठेवतात. त्याला नळी नव्हती, चाप नव्हता, काही नव्हतं. पण पावतीवर 'रायफल' हा शब्द होता, आणि तो एकदा कागदावर आला की मागचंपुढचं कोणी वाचत नाही.

"बंदूक क्लबात आहे," मी म्हणालो. "हवेवर चालणारी, छर्ऱ्यांची. माझी मुलगी तिथे नेमबाजी शिकते."

"म्हणजे हा त्या बंदुकीचा भाग आहे."

"अजून नाही. बसला तर होईल."

"आणि नाही बसला तर?"

 याचं उत्तर मला पुढच्या चार आठवड्यांत सविस्तर मिळालं.

या खिडकीने सांगितलं, हे हत्यार नाही असं पत्र आणा. दुसऱ्या खिडकीने विचारलं, जे हत्यारच नाही त्याचं पत्र आम्ही कसं द्यायचं? दोन्ही खिडक्यांचं म्हणणं मला मनापासून पटलं, आणि दोन्हीकडे मला कहवा मिळाला. तीन दिवसांत अकरा कप कहवा आणि मोजता येणार नाहीत इतके खजूर पोटात गेल्यावर एका सज्जन अधिकाऱ्याने कागदावर 'लाकडी वस्तू, नग एक' असं लिहून शिक्का मारला. खलास! तो दस्ता छातीशी धरून मी गाडीकडे निघालो, तेव्हा पार्किंगमधल्या दोन बायकांनी आपापली मुलं जवळ ओढली.

आता माझ्याविषयी. मी कृष्णकांत टिपणीस. रुसैलच्या एका कारखान्यात पाण्याच्या पाइपांचे जोड तयार होतात, आणि ते एकमेकांत नीट बसतात की नाही हे मी बघतो. बसला नाही की लाल स्टिकर लावतो. गेली सोळा वर्षं मी हेच करतो आहे. आम्ही राहतो त्या अल खौदमधल्या कुठल्याही घरी जेवायला गेलो, तर हात धुवायच्या निमित्ताने बेसिनखाली वाकून बघितल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. नूतनला, म्हणजे माझ्या बायकोला, याची लाज वाटते. असो. सांगायचा मुद्दा असा, की एक वस्तू दुसऱ्या वस्तूत बसवणे हा माझा प्रांत आहे. या प्रांतात मला कोणी शिकवू नये, अशी माझी माफक अपेक्षा असते.

इरा चौदा वर्षांची आहे आणि डावखुरी आहे. क्लबातल्या सगळ्या बंदुका उजव्या. वर्षभर ती पोर मान वाकडी करून, गाल नको तिथे टेकवून नेम धरत होती. ऑक्टोबरात क्लबच्या संघाची निवड होती. तिने एक दिवस आईला सांगितलं, मला नव्हे, "या वेळी पण असंच शूट करायला लागलं ना आई, तर मी सोडणार. आय ॲम डन." ते मी स्वयंपाकघराच्या दारामागून ऐकलं. इरा फारशी बोलत नाही. शाळेतून येते, खोलीत जाते, दार लावते. फक्त क्लबातून आली की गाडीत बोलते, आणि घर येईपर्यंत बोलत राहते. ते बंद होणार म्हटल्यावर मी त्याच रात्री शोधाशोध सुरू केली.

शिवाय जन्माने मीही डावखुरा. तिसरीतल्या बाईंनी फूटपट्टी वापरून मला उजवा केला. आजही सही करताना तो हात शेजाऱ्याकडून उसना आणल्यासारखा वाटतो. इरा दोन वर्षांची असताना डाव्या हाताने वरणभात खायला लागली, तेव्हाच मी जाहीर केलं होतं की या पोरीचा हात कोणी बदलायचा नाही.

म्हणून डावा दस्ता मागवला. बंदूक क्लबचीच, फक्त लाकूड बदलायचं. इरा मला म्हणाली, "बाबा, तू फक्त ऑर्डर कर. प्लीज याचा प्रोजेक्ट नको करू."

"प्रोजेक्ट कसला? जुनं काढायचं, नवं बसवायचं. दहा मिनिटं."

क्लब बरका गावाच्या बाजूला, समुद्राला लागून. मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी उघडतो. तिथल्या बंदुकांची देखभाल नासर करतो. सैन्यात सव्वीस वर्षं हेच काम करून निवृत्त झालेला, पांढऱ्या दाढीचा, कधीही घाई न करणारा माणूस. पहिल्या दिवशी त्याने माझं नाव विचारलं, 'कृष्णकांत' दोनदा तोंडात घोळवून पाहिलं आणि नाद सोडला. "तुम अबू इरा," तो म्हणाला. अबू इरा म्हणजे इराचा बाप. इकडे माणसाला पोराच्या नावाने हाक मारतात आणि त्यात मान असतो.

नासरचे नियम दोन. बंदूक फाटकाबाहेर जाणार नाही. लाकूड जाईल, पण रजिस्टरात नोंद करून: लाकडी वस्तू, नग एक, बाहेर. परत आली की: आत. आणि दोन्हीपुढे सही.

पहिल्या शनिवारी मी एसी गाडीतून उतरलो, चष्म्यावर नेहमीसारखी वाफ धरली, तो पुसला आणि आत गेलो. नासरने जुना दस्ता उतरवला. चाप, त्याच्यामागची स्प्रिंग आणि खटके मिळून काडेपेटीएवढी एक धातूची डबी असते. तिला ट्रिगर ग्रुप म्हणतात. ती दस्त्यातल्या खाचेत बसायला हवी. नासरने ती खाचेवर ठेवली आणि अंगठ्याने दाबली. डबी अर्ध्यावर गेली आणि थांबली.

"थोडा टाइट," नासर म्हणाला.

मी खिशातून माप घ्यायचा व्हर्नियर काढला. हो, माझ्या खिशात व्हर्नियर असतो. डबी चोवीस पूर्णांक सहा, खाच चोवीस पूर्णांक पाच. एक दशांश मिलिमीटर! असल्या फरकावर मी रोज सकाळी चहाच्या आधी लाल स्टिकर लावतो. "मंगळवारी आणतो घासून," मी म्हणालो.

"लकडी को टाइम दो, अबू इरा," नासर म्हणाला. मी हे वाक्य अरबी सौजन्य समजून सोडून दिलं. सोडायला नको होतं.

घरी हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरलं, एसी बावीसवर ठेवला, कारण मला घामेजल्या हाताने काम करायला आवडत नाही, आणि पॉलिश पेपरने खाच आतून घासली. चोवीस पूर्णांक सात. मंगळवारी क्लबात गेलो, चष्मा पुसला, डबी खाचेवर ठेवली. डबी अर्ध्यावर जाऊन थांबली.

मी पुन्हा मोजलं. चोवीस पूर्णांक पाच.

माझी पहिली शंका व्हर्नियरवर गेली. दुसऱ्या दिवशी कारखान्यातला प्रमाणपत्रवाला व्हर्नियर आणला. घरी मापलं तर चोवीस पूर्णांक सात. मग मला राग आला आणि मी चोवीस पूर्णांक आठपर्यंत घासलं. शनिवारी क्लबात तेच लाकूड पुन्हा चोवीस पूर्णांक पाच भरलं. इरा बाजूच्या बाकावर बसून हे बघत होती. तिने उजवा दस्ता घेतला, मान वाकडी केली आणि सरावाला लागली.

एव्हाना बातमी इमारतीत पसरली होती. वरच्या मजल्यावरचा अंबरीश बँकेत आहे, मूळचा पुण्याचा, आणि त्याला न येणारी गोष्ट अजून निर्माण व्हायची आहे. तो मोबाइल घेऊनच खाली आला. "टिपणीससाहेब, तुम्ही आंधळेपणाने घासताय. आधी कुठे लागतंय ते शोधायला हवं. डबीला काजळ फासायचं, दाबायची, आणि जिथे लाकडाला काळं लागेल तेवढंच घासायचं. अमेरिकेत सगळे असंच करतात."

"काजळ?"

"दिव्याची काजळी म्हणतात ते. वहिनींकडे असेलच की काजळ."

नूतनने कांडी दिली, पण बोलायचं सोडलं नाही. "माझं लग्नापासूनचं काजळ तुमच्या बंदुकीला! आणि हो, तो डबा नीट लावत जा. मागच्या दोन्ही वेळी चिवडा सादळून परत आलाय. तुम्ही म्हणे क्वालिटीवाले, घरात एका डब्याचं झाकण नीट लागत नाही."

इरासोबत नूतन नेहमी पोह्यांचा चिवडा देत असे आणि तो नासरलाही आवडत असे. झाकणाचा आरोप मला लागला. मी त्याच दिवशी रबराची कड असलेला नवा डबा आणला, पाण्यात बुडवून तपासला आणि पास केला. पुढच्या मंगळवारी चिवडा पुन्हा सादळला. एवढं सगळं डोळ्यांसमोर, चष्म्यावर म्हणा हवं तर, रोज घडत असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, हे मी इथे कबूल करून टाकतो.

क्लबात मी काजळाची कांडी काढली तेव्हा नासर थक्क झाला. "कोहल?" मग तो खूश झाला, आतून स्वतःची पितळी सुरमेदाणी घेऊन आला आणि म्हणाला की हे निझवा गावचं आहे, तुमच्यापेक्षा काळं. आम्ही दोन प्रौढ गृहस्थांनी एका ट्रिगर ग्रुपला काजळ घातलं. डबी दाबली, काढली आणि खाच पाहिली. खाच चारही बाजूंनी सारखी काळी झाली होती.

"म्हणजे सगळीकडेच लागतंय," मी अंबरीशला फोनवर सांगितलं.

"मग सगळीकडे घासा," अंबरीश म्हणाला. त्यासाठी त्याला अमेरिकेपर्यंत का जावं लागलं, हे मी विचारलं नाही.

निवड दहा दिवसांवर आली. आता शेजारच्या ब्लॉकमधला कॉनराड मैदानात उतरला. कॉनराड वसईचा, एका मोठ्या हॉटेलात मेंटेनन्स बघतो. माणूस सोन्यासारखा, पण जगातल्या प्रत्येक अडचणीवर त्याचा इलाज एकच असतो: हातोडी.

"केके, तू शिकलेला माणूस आहेस, तुझा तोच प्रॉब्लेम आहे," तो म्हणाला. "वसईला आमच्या घराचं मागचं दार जूनपासून सप्टेंबरपर्यंत लागत नाही. बाबा काय करायचे? साबण लावायचे आणि एक ठोसा. बस! बसतं म्हणजे काय, बसलंच पाहिजे."

"ते पावसाने फुगतं, कॉनराड. इथे पाऊस कुठे आहे?"

"तेच म्हणतो ना. इथे पाऊस नाही, म्हणजे इथे तर आणखी सोपं!"

आम्ही दोघंही कोकणपट्टीतली माणसं. लाकूड फुगतं ते पावसाळ्यात, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालेलो. जिथे पावसाळाच नाही तिथे लाकडाला फुगायचं कारण काय, असा आमचा सरळ हिशेब होता.

शनिवारी कॉनराड साबणाची वडी आणि रबराची हातोडी घेऊन क्लबात आला. नासर "श्वई श्वई, धीरे" म्हणत असतानाच त्याने साबण फासला आणि यल्ला म्हणून एक ठोसा घातला. डबी बसली! मी कॉनराडला मिठी मारली. इरा धावत आली, तिने चाप ओढून पाहिला. चाप मागे गेला आणि तिथेच राहिला. लाकडाने डबी इतकी आवळली होती की आतलं काही हलेना. आता बाहेर काढू म्हटलं, तर बाहेरही येईना. नासरने ओढली, कॉनराडने ओढली, मग कॉनराडने नासरला धरून ओढलं.

इराने आमच्याकडे पाहिलं. "ग्रेट," ती म्हणाली. "आता राइट-हँडवाली पण नाही." आणि ती गाडीत जाऊन बसली. खरंच होतं ते. चापाची डबी एकच, आणि ती माझ्या लाकडात अडकलेली. घरी येईपर्यंत पोर एक अक्षर बोलली नाही. मी आयुष्यात पुष्कळ माल नापास केला आहे, पण नापास झालेल्या मालाला कसं वाटतं ते मला त्या पाऊण तासात समजलं.

मंगळवारी तोंड लपवत क्लबात गेलो. नासर ऑफिसात कहवा पीत बसला होता. टेबलावर दस्ता, आणि दस्त्याच्या शेजारी सुटी डबी.

"कशी काढली?"

"मैं नहीं निकाला. इधर एसी में रखा, तीन दिन. खुद निकल गया." आणि त्याने पुन्हा तेच सांगितलं, "मैं बोला था. लकडी को टाइम दो."

घरी येऊन ही हकीकत मी नूतनला सांगितली. ती डबा उघडून चिवडा चाखत होती. तिने घास थांबवला. "अहो, मग तेच की! त्या क्लबात माझा चिवडा अर्ध्या तासात सादळतो. समुद्र हाकेवर आहे. लाकूड काय आभाळातून पडलंय?"

मी खाली बसलो. सगळं एकदम उलगडलं. दस्त्याला बाहेरून पॉलिश होतं, आतून मी घासून घासून लाकूड उघडं केलं होतं. क्लबात ते दमट हवा आतल्या आतच पीत होतं आणि खाच आवळत होती. एसीत आणलं की सुकत होतं आणि मला हवं ते माप दाखवत होतं. जितकं मी घासलं, तितकं ते जास्त प्यायलं. पहिल्याच दिवशी एक दशांश घासून वर व्हार्निशचा हात मारला असता, तर खरंच दहा मिनिटांचं काम होतं.

"आणि माझ्या डब्याचं झाकण?" नूतनने विचारलं.

"झाकण ठीक आहे," मी म्हणालो.

"आधीचंही ठीकच होतं म्हणजे. नवा डबा उगाच आणलात."

पण आता उमजलं होतं ना! मी पेटलो. दस्ता आता घरी न्यायचाच नाही. शनिवारपर्यंत क्लबातच, एसीबाहेर ठेवून त्याला हवं तितकं पिऊ दिलं आणि शनिवारी तिथेच, तिथल्या हवेत घासला, नासरच्या नजरेखाली, चष्मा पुसत पुसत. डबी अलगद बसली. अलगद म्हणजे अशी, की मी माझ्या प्रयोगशाळेत फोटो लावला असता. व्हार्निशला चोवीस तास लागले असते आणि निवड दुसऱ्याच दिवशी होती, म्हणून ते राहू दिलं. इराने डावा दस्ता खांद्याला लावला, मान सरळ ठेवली, आणि पाच छर्रे एका नाण्याएवढ्या जागेत घातले. गाडीत ती घर येईपर्यंत बोलत होती. मी एकदाही मधे बोललो नाही.

निवड मस्कतमधल्या एका बंदिस्त क्रीडागृहात होती. रविवारी सकाळी मी दार ढकलून आत पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थिजलो. एसी! असा एसी, की लोक शाली पांघरून बसले होते. माझ्या चष्म्यावर वाफ धरली नाही. चार आठवड्यांत पहिल्यांदाच धरली नाही, आणि त्याचा अर्थ मला या वेळी बरोब्बर कळला.

सराव सुरू होऊन तासाभरात इराने हात वर केला. डबी खाचेत खुळखुळत होती. चाप ओढला की डबीच मागे यायची. बंदुकांची तपासणी वीस मिनिटांवर.

"कागज," नासर म्हणाला. "मोटा कागज. कडक."

मी सगळे खिसे उलटेपालटे केले. व्हर्नियर निघाला, पेट्रोलची पावती निघाली, आणि पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून माझी व्हिजिटिंग कार्डं निघाली. कंपनीने सोळा वर्षांपूर्वी पाचशे छापून दिली होती. पाइपाचा जोड तपासणाऱ्याकडे कार्ड कोण मागतो? पाचशेतली साडेचारशे तरी तशीच असतील. नासरने एक बोटांत वाकवून पाहिलं आणि मान डोलावली. डावीकडे दोन, उजवीकडे एक. डबी दाबली. बसली. हलवून पाहिली, हलेना.

तपासणीला नौशीन मॅडम होत्या, करड्या नजरेच्या. त्यांनी बंदूक उलटी केली, खाचेतून डोकावणारा पांढरा कोपरा चिमट्यात धरला आणि कार्ड बाहेर ओढलं. मोठ्याने वाचलं, "कृष्णकांत टिपणीस. असिस्टंट मॅनेजर, क्वालिटी ॲश्युरन्स." सगळा हॉल ऐकत होता, असं मला तरी वाटलं. "हू इज धिस?"

"माय फादर," इरा म्हणाली.

"अँड व्हॉट इज ही डुइंग इन हिअर?"

दोरीच्या पलीकडे मी उभा होतो. चार आठवड्यांचा हिशेब चुकता करायला पोरीला याहून चांगली संधी मिळाली नसती. तिने माझ्याकडे पाहिलं.

"ही इज होल्डिंग इट," ती म्हणाली.

मॅडमनी कार्ड पुन्हा जागेवर सरकवलं, डबी जोरात हलवली, चाप तीनदा ओढून पाहिला, आणि दस्त्यावर हिरवा स्टिकर लावला. पास! मी हजारो स्टिकर लावले आहेत, पण मला लागलेला हा पहिलाच. मला बाहेर जाऊन चष्मा पुसावा लागला.

संघात चौघं घेतात. इरा चौथी आली.

पुढच्या शनिवारी क्लबात मी नासरला म्हणालो, की आता हे व्यवस्थित करू. कार्डं काढू, खाचेला आतून पातळ लाकूड चिकटवू, व्हार्निश मारू, माझ्याकडे माप तयार आहे.

"बाबा, नो!" इरा रेंजवरून ओरडली. "कशालाच हात नको लावू. तू आत आहेस तसाच राहा."

नासरने रजिस्टर उघडलं. बंदुकीत जे जे आहे त्याची नोंद हवी, हा त्याचा नियम. उजवीकडून डावीकडे सावकाश लिहीत तो मला वाचून दाखवत होता. बंदूक, एक. लाकडी वस्तू, नग एक. मग थांबला, दाढी खाजवली आणि लिहिलं: अबू इरा, नग तीन. आत.

त्याने पेन माझ्यापुढे केलं. मी ते डाव्या हातात घेतलं. सही तिसरीतल्या पोरासारखी वाकडीतिकडी आली. नासरने ती निरखून पाहिली, आधीच्या सह्यांशी ताडून पाहिली, आणि चालवून घेतली.